लाल पेनाची रेघ

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा बाकीचं सगळं सांगायचे आणि नेमकं एवढं गाळायचे. घरात मी खट्याळ आजी म्हणून प्रसिद्ध आहे. पत्त्यांत चोरी करते, पकडली गेले की कवळी काढून दाखवते, नातवंडं किंचाळत पळतात. छोट्या लबाड्या इतक्या मोकळेपणी कबूल करते की मोठी शोधायला कुणी येतच नाही. आहे की नाही हुशार?

हुशार तर मी पहिल्यापासूनच. पालघरहून कंपनीच्या बसने तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात जायचे, ड्रॉइंग ऑफिसात. गळ्यात ओळखपत्र, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बाईला पेन्सिल कशाला हवी, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. चित्रं काढायचं नवं सॉफ्टवेअर ऑफिसात मला एकटीला यायचं, म्हणून चालायचे अशी, जणू अख्खा कारखाना माझ्या माऊसवर उभा आहे.

काम काय होतं ते सांगते, अवघड नाही. कारखान्यात गॅस, वाफ, पाणी मोजणारी शेकडो यंत्रं असतात. प्रत्येकाला नंबर. ते यंत्र पाइपाला कसं जोडायचं — नळी कुठून काढायची, व्हॉल्व्ह कुठे, यंत्र पाइपाच्या वर की खाली — त्याच्या चित्राला आम्ही हुकअप म्हणायचो. चित्रं मोजकीच. सॉफ्टवेअरमध्ये यादी उघडायची, नंबर निवडायचे आणि त्यांना चित्र जोडून द्यायचं. गॅसचं यंत्र वर बसतं. वाफेचं खाली, म्हणजे नळीत पाणी साचून राहतं आणि कढत वाफ थेट यंत्रापर्यंत पोहोचत नाही.

मी एका दमात चाळीसेक नंबर निवडले आणि गॅसचं चित्र जोडून टाकलं. त्यात एक नंबर वाफेचा होता.

चूक. कुणाची होत नाही? पण चुकीसाठी मी आज लिहायला बसलेली नाही.

काशिनाथ फिटर होता, मुरबे गावचा, ठेकेदाराकडे. आमच्याकडे रीत अशी, की कामावर नेलेल्या कागदात काही वेगळं दिसलं तर फिटरने लाल पेनाने खूण करायची, सही-तारीख घालायची आणि काम संपलं की तो कागद माझ्या ट्रेमध्ये टाकायचा. मग मी सॉफ्टवेअरमध्ये सुधारायचं. तर हा थेट माझ्या टेबलाशीच आला. माझंच लाल पेन उचललं आणि यंत्र वरून खाली नेणारी रेघ मारली, वळण आणि टेकूसकट.

"बाई, ही वाफेची लाइन हाय. मशीन खाली पायजे ना?"

सगळे मला 'मॅडम' म्हणत, हा 'बाई' म्हणायचा. आणि दोन टेबलं पलीकडे साहेब बसलेले. त्यांच्या देखत 'हो, माझं चुकलं' म्हणायचं? मी?

"डोकं चालवायचं काम माझं, पाना चालवायचं तुझं," मी म्हटलं. "छापलंय तसं लाव."

तो हसला. "लावतो. तुमी म्हनता तर."

लावलं. संध्याकाळी लाल रेघेचा कागद रीतीप्रमाणे ट्रेमध्ये आला. मी पाहिला का? पाहिला. त्याचं बरोबर आहे हे कळलं का? कळलं. — उद्या बघू, म्हटलं, आणि बस पकडली.

दोन दिवसांनी सकाळी लाइनमध्ये वाफ सोडली. यंत्राजवळचा सांधा सुटला. काशिनाथ शेजारीच उभा होता. डावा हात — कोपरापासून बोटांपर्यंत.

त्याला दवाखान्यात नेत होते, सगळे बाहेर धावले. मी धावले नाही. मी — मी कॉम्प्युटरशी बसले. त्या नंबराचं चित्र बदललं. कागदावरचा रिव्हिजनचा आकडा वाढवला नाही, कारण बदल झाल्याचं कागदावर दिसायला नको होतं. छापलं. फाइलमधला जुना कागद काढून नवा घातला. आणि नवं चित्र कशावरून काढलं? वाफेचं ठरलेलं चित्र त्या जागी नेमकं बसत नव्हतं. नळीला वळण कुठे, टेकू कुठे — सगळं त्याच्या लाल रेघेवरून. ज्या कागदाने तो गुन्हेगार ठरला, तो त्याचाच होता. फक्त मी तो काळ्या शाईत छापला होता.

चौकशीला तो हाताला पट्ट्या बांधून आला. पुढे चित्र ठेवलं. यंत्र खाली. तू वर का लावलंस?

"मी बाईंना इचारलेलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "विचारलं असतं तर चुकीचं कशाला सांगितलं असतं मी?"

काय वाक्य! अंबाड्यातली पेन्सिलसुद्धा हलली नाही. तो बऱ्या हाताचं बोट कागदावर फिरवत राहिला. मग म्हणाला, "यात लाल कुठं हाय?"

कुणालाच काही समजलं नाही. मला समजलं. ठेकेदाराने त्याला त्याच दिवशी काढलं.

सॉफ्टवेअरला मात्र ठाऊक होतं. कुणी, कधी, काय बदललं — सगळी नोंद आत होती. ती कुठे उघडते हे फक्त मला माहीत. पुढे मी निवृत्त व्हायच्या आधी सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं ठरलं. ते काम करणारा माणूस म्हणाला, "मॅडम, जुनी हिस्टरी पण आणायची?" मी म्हटलं, "नको. कचरा आहे तो." तेव्हा तर कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. मग कुणाची भीती होती?

गेल्या महिन्यात बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेत होते. मासळीवालीच्या मागे पाठ टेकून एक म्हातारा बसलेला, डाव्या हाताची बोटं आखडलेली. "बाई!" तोच. असा खूश झाला, जणू माहेरचं माणूस भेटलं. बायकोला म्हणाला, "अगं, ह्याच त्या हाफिसातल्या बाई." मग माझ्याकडे वळून — "तवा मी तुमच्यावर आळ घातला, राग धरू नका. लय इचार केला मी. मीच कागद उलटा धरला आसंल. त्याबिगर वरचं खाली कसं व्हनार?"

बायको हसायला लागली. "आमच्या घरात कुनाचं काय बी चुकलं, का पोरं तेच इचारतात, कागद उलटा धरला काय रं?"

तोही हसला. मीही हसले. तिने मूठभर बोंबील माझ्या पिशवीत जास्तीचे टाकले. मी घेतले.

लाल रेघेचा कागद माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली. फाडवत नाही. नेऊन देववत नाही. मुरबे काय लांब आहे? रोज सकाळी ठरवते आणि दुपारी पत्ते पिसत बसते. खाली कोपऱ्यात त्याने लाल पेनानेच सही केली आहे, तारीख घातली आहे. यंत्राचा नंबर ज्या बाजूने वाचायचा, त्याच बाजूने त्याचं नावही वाचता येतं.

काशिनाथने कागद सरळच धरला होता.