दगड असल्याचं पत्र

"आता दगडालाबी परवाना लागणार म्हणे!" बाहेर मामा गिऱ्हाइकाला सांगत होते आणि दोघं हसत होते. आत गल्ल्यामागच्या स्टुलावर मी त्याच परवान्याचं पत्र हातात धरून बसले होते.

भवानी पेठेतल्या त्या दुकानात मामा काचेच्या पेट्या, रंगीत मासे आणि पेटीत शोभेला ठेवायची पांढरी पोवळ्याची झाडं विकत. समुद्रातला माल दक्षिणेच्या किनाऱ्यावरून येई. तिकडचा व्यापारी इंग्रजीत लिही, म्हणून सुट्टीत त्याची पत्रं वाचून दाखवणं आणि उत्तरं लिहिणं माझ्याकडे. मला ते बरं वाटे. पत्रात कुणाशी बोलावं लागत नाही.

पहिल्या पानावर होतं की समुद्रातून मासे आणि पोवळी काढायला सरकार परवाना लावायच्या विचारात आहे. तेव्हा प्रत्येक दुकानदाराने आपल्या छापील कागदावर लिहून द्यावं, की पोवळी म्हणजे किनाऱ्यावर वाहून आलेले मेलेले दगड आहेत; मग परवाना लागणार नाही. तेवढं मी मामांना बसल्या जागेवरून वाचून दाखवलं, त्यावरच ते दोघं हसत होते. दुसरं पान उलटलं आणि माझा आवाज थांबला.

तिथे लिहिलं होतं, मालाची काळजी नसावी. ओहोटीला आमची माणसं रोज पहारीने जिवंत कोरल फोडतात. फांद्यांत लपलेले मासे आपोआप जाळ्यात येतात. एका घावात दोन्ही माल.

कोरल. कोरल म्हणजे बारीक बारीक प्राण्यांची वसाहत, हे मी शाळेत शिकले होते. परीक्षेत आकृती काढून मार्कही मिळवले होते. पण पुस्तकातलं कोरल आणि मामांच्या दुकानातलं पोवळं एकच, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एक इंग्रजीत होतं, एक घरात.

"पुढं?" मामांनी विचारलं.

"बाकी मालाचंच आहे," मी म्हणाले आणि पानाची घडी केली.

मागच्या अंगणात मामी नाकाला पदर लावून नवी पोवळी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवत होत्या. खोक्यातून येताना ती तपकिरी, बुळबुळीत असत आणि कुजका वास मारत. "समुद्राचा वास हाय," मामा म्हणत. ज्या घरात अंडं येत नव्हतं, त्या घरात आम्ही सगळ्यांनी ते मानलं होतं. मीसुद्धा. मामींनी तर धुऊन पांढरी झालेली एक फांदी देवघरात ठेवली होती. त्या तिच्यावर रोज बेलाचं पान वाहत.

मामांच्या मागोमाग गिऱ्हाईक आत येऊन खुर्चीवर टेकलं. मामांनी दुकानाचा छापील कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही. मेलेला दगड, किनाऱ्यावर सापडलेला. खाली मी सही करतो."

मी तारीख घातली. मायना लिहिला. माल कुठला, तेही लिहिलं. त्यापुढे पेन चालेना.

"काय अडलं?"

"इंग्लिश संपलं वाटतं पोरीचं," गिऱ्हाईक म्हणालं. "एवढी फी भरून!"

मामा हसले नाहीत. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मी जे वाचून दाखवीन तेच पत्रात आहे, असं ते धरून चालत. तेच मला सोसवेना. अंगणातून पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी पेन खाली ठेवलं.

"मामा, मी हे लिहिणार नाही. ती माणसं हे जिवंत असताना फोडतात. पत्रात तसं स्पष्ट लिहिलंय. मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही."