जागेवर ठेवलेला ग्लोव्ह

डब्लिनच्या सँट्री भागातले शेजारी आमच्या सूनबाईला, उल्काला, कॉम्प्युटरवाली म्हणून ओळखतात. मी तिला शॉर्टस्टॉप म्हणून ओळखतो. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण, आणि त्यात दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे जो राखणदार उभा असतो तो शॉर्टस्टॉप. चेंडू उचलायचा आणि पळणारा पोचायच्या आत लांब पहिल्या बेसकडे सणसणीत फेकायचा. हे मला तिनंच शिकवलं. मी जीवन शिक्षण मंदिरात सातवीपर्यंत शिकलेला, मला आट्यापाट्यांपलीकडे काय ठाऊक.

माझ्या मुलासाठी, हृषीकेशसाठी, मुलगी बघायला जळगावला गेलो तर चहाचा ट्रे घेतलेल्या हिच्या बोटाला पांढरी चिकटपट्टी. मी विचारलं, "बोटाला काय झालं, बाळ?"

"बॉल लागला."

"अरेरे."

"पण आउट केलं तिला."

मी तिथंच होकार दिला. मुलाला नंतर विचारलं.

लग्नानंतर दोघं डब्लिनला आली आणि खेळ सुटला. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी तीन महिन्यांसाठी आलो आणि करोनामुळं विमानं बंद पडली ती पडलीच. एक दिवस चहाची पावडर शोधताना प्रेस उघडला, इथं कपाटाला प्रेस म्हणतात, तर मागं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला चामड्याचा ग्लोव्ह. खोबरेल तेलाचा वास आला.

"याला तेल कोण लावतं गं?"

"मीच, अप्पा. दिवाळीत. चामडं तडकतं नाही तर."

इतक्या वर्षांत एकदाही हातात न घातलेल्या ग्लोव्हला दर दिवाळीला अभ्यंगस्नान. दुसऱ्या दिवशी तिचं ऑफिस संपल्यावर म्हटलं, चल. घराजवळच्या हिरवळीवर मी टेनिसचा चेंडू सरपटत सोडायचा, तिनं वाकून उचलायचा. तरुणपणी आट्यापाट्यांत मी मधल्या सूरपाटीवर उभा राहिलो की आख्खं गाव पाटी ओलांडायला घाबरायचं, आता चेंडू सोडायला वाकलो की उठायला बाकड्याचा आधार. आमच्याकडं बघून येणारेजाणारे "ग्रँड, ग्रँड" म्हणत, म्हणजे छान चाललंय. उल्का सांगत राहायची: अमरावतीची ती फायनल, तिच्या कोच मृणालिनी मॅडमची शिट्टी, आणि ते लांबलचक फेकणं. सांगताना तिचा उजवा हात आपोआप मागं जायचा.

एकवीसच्या उन्हाळ्यात मैदानं उघडली. ऑफिसातल्या ईमर नावाच्या मैत्रिणीनं तिला आपल्या टीमच्या सरावाला बोलावलं. आठवड्यानं उल्का जेवताना म्हणाली, "पहिल्या बेसपर्यंत चेंडू पोचला तर दर मंगळवारी जाईन. नाही पोचला तर ग्लोव्ह रेवाला देऊन टाकते. उगाच प्रेसमध्ये जागा अडवतो."

रेवा, माझी नात, हिला मराठी सगळं समजतं पण बोलते आयरिश इंग्रजी. ती म्हणाली, "डील."

सरावाच्या दिवशी मी आणि रेवा मैदानाच्या कडेला बसलो. उल्कानं आत जाताना मातीला हात लावून कपाळाला लावला. सरावासाठी दोन टीम पाडल्या होत्या, ती उभी राहिली शॉर्टस्टॉपच्याच जागी. थोड्या वेळानं आला चेंडू, सरपटत, डावीकडे. काय वाकली पोरगी. त्या क्षणी ती पंचेचाळिशीची नव्हती. ग्लोव्हमधून चेंडू हातात, हात मागं, आणि फेकला.

चेंडूचा निम्म्या वाटेतच टप्पा पडला. मग आणखी एक. पळणारा आरामात पोचला होता.

ईमर टाळ्या वाजवत होती, पण उल्का आपल्या खांद्याकडं बघत होती, परक्याकडं बघावं तसं.

डाव संपला. तिनं ग्लोव्ह काढला, उभी होती तिथंच गवतावर ठेवला आणि चालत बाहेर आली.

मागून हाका आल्या, "उल्का, ग्लोव्ह विसरलीस."

ती थबकली आणि लाजली. मग त्यांना इंग्रजीत सांगितलं, ते रेवानं मला कानात मराठीत सांगितलं, कधी नव्हे ते. आमच्या शाळांकडं ग्लोव्ह मोजके. डाव बदलला की जागेवर ठेवून यायचा, समोरच्या टीमची त्या जागेवरची मुलगी तोच घालायची. सवय गेली नाही.

समोरच्या टीममध्ये फर्गस नावाचा धिप्पाड गडी होता, नवखा, बिनग्लोव्हचा. त्यानं विचारलं, "मग मी घालू?" त्याची बोटं अर्धीच आत गेली, तरी तो सगळा डाव तसाच खेळला. आणि जाताना ग्लोव्ह उचलून आणून न देता बरोबर त्याच जागी ठेवून गेला.

उल्का आत गेली. ग्लोव्हपाशी थांबली, उचलला, हातात चढवला. मला वाटलं, तिथंच उभी राहील. ती ईमरकडं गेली आणि म्हणाली, "मी सेकंडला उभी राहते. तिथून पोचेल माझा."

दुसऱ्या बेसकडून पहिला जवळ. तिथून पोचला. दोनदा पोचला. पण मधे वेळ मिळाला की तिची नजर त्या शॉर्टस्टॉपच्या जागेकडं जायची. तिथं ईमरच्या टीममधली एक पोरगी उभी होती आणि फेकताना तिचा हात असा काही सुटत होता की चेंडू थेट पहिल्या बेसवर.

घरी चालताना रेवानं हात पुढं केला. "सो इज इट माइन नाऊ, मॅमी?"

उल्का पुढं चालत राहिली, ग्लोव्ह हातातच.

"अजून नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "अप्पा, घरी खोबरेल आहे ना?"

दिवाळीला अजून खूप अवकाश होता. मी म्हटलं, आहे.