रुखसारने वाटलेली केळी

रावेरच्या पोरींना आठ दिवस केळं खाऊ नका म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणणं. पण शाळेत गाणं बसवणाऱ्या सुनंदाबाईंनी म्हटलं होतं. सन शहाण्णव, इयत्ता नववी, आणि जळगावची समूहगीत स्पर्धा तोंडावर आलेली. केळ्याने कफ होतो, घसा धरतो. दही नको, चिंच नको, आणि केळं तर नावालासुद्धा नको.

त्या स्पर्धेत गाणाऱ्या आठ जणींतली रुखसार आज त्रेचाळीस वर्षांची आहे. बसस्टँडमागे ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तिच्या हातचं फिटिंग एकदा अंगाला लागलं की बाई दुसऱ्या शिंप्याची पायरी चढत नाही. जिभेला धार अशी, की गिऱ्हाईक घासाघीस करायच्या आधी दोनदा विचार करतं. पण शाळेतल्या गाण्याचा विषय निघाला की ही वाघीण एकदम शेळी व्हायची.

खरं तर तिच्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस तेच. शाळा सुटली की प्रयोगशाळेत सराव. बाई हातपंपावर रांगेत उभं करून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायच्या, आणि चारुलता हमखास शेजारणीच्या पायावर गुळणी टाकायची. तापी नदीवरचं गाणं बाईंनी स्वतः रचलेलं. आठ आवाज एका सुरात मिसळले की आपला कुठला हेच कळेनासं व्हायचं, आणि रुखसारला तेच फार आवडायचं. त्या आवाजात घरची चणचण नव्हती, काही नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी घात झाला. तिचे अब्बा, चांदभाई, केळीचे ट्रक भरायचे. दिल्लीला जातो तो माल कच्चा. झाडावरच पिकलेला माल मजुरांच्या वाट्याला. लेक गायला चालली म्हणून त्यांनी कौतुकाने केळ्यांची पिवळीधम्मक फणी तिच्या पिशवीत घातली. बाई एस.टी.त पुढच्या बाकावर, पोरी मागच्या. अर्धी वाट सरायच्या आत रुखसारने फणी वाटून संपवली.

आणि स्टेजवर, अंतऱ्यातल्या सगळ्यात उंच जागी, आधी चारुलताचा आवाज फाटला, मग एकेक करून सगळ्यांचा. प्रेक्षकांत खसखस पिकली. परतीच्या वाटेवर बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी समूहगीत घ्यायचंच सोडलं. आपल्या केळ्यांनी आठ जणींचा गळा बसवला आणि बाईंची हौस कायमची मारली, हे रुखसारने मनाशी पक्कं केलं. त्या दिवसापासून ती गायली नाही. भांडी घासतानासुद्धा नाही.

गेल्या जानेवारीत जुन्या विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा ठरला. रुखसारने लग्नाच्या सीझनचं कारण पुढे केलं. चारुलता केळीच्या बागेतून थेट दुकानात येऊन उभी राहिली. "बाई एरंडोलहून खास येणारेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या. पुढच्या वेळी कुणाला भेटशील?" मेळाव्याच्या दिवशी रुखसारने मशीनवर कापड टाकलं. लेक रूहीच्या स्कूटीवर मागे बसून ती निघाली, ती मनाशी एकच ठरवून: कबूल करायचं, मग बाईंनी चारचौघांत कान धरला तरी चालेल.

बाई खुर्चीत बसल्या होत्या, वाळून काडी झालेल्या. रुखसार त्यांच्या पायाशी बसली आणि एका दमात बोलून गेली. "बाई, त्या दिवशी केळी मी वाटली होती. तुमचं गाणं मी बुडवलं."

बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. सीटखालच्या साली मीच तर उचलल्या." आणि जीव कळवळला की त्यांच्या तोंडी येणारी अहिराणी आली, "तुनी चूक नही व्हती व माय. मनी चूक शे ती."

चूक बाईंचीच होती. सराव पेटीच्या काळी चार पट्टीत झालेला. स्टेजवर सूर देताना बाईंकडून शेजारची काळी पाच दाबली गेली आणि सगळं गाणं एक सूर वर चढलं. पहिल्याच ओळीला त्यांच्या लक्षात आलं होतं, पण थांबवायचा धीर झाला नाही. "हेडमास्तर म्हणाले, पोरींनी माती केली. माझी नोकरी कच्ची होती गं. मी हो म्हणून मान हलवली. मग कुठल्या तोंडाने तुमच्यापुढे पुन्हा पेटी उघडू?"

रुखसारला आधी संताप आला. एका पट्टीची चूक, आणि अठ्ठावीस वर्षं! पण समोर बाई डोळे पुसत होत्या, तिच्याइतकंच जुनं ओझं उतरवून. संताप टिकलाच नाही. छातीवरचं जातं कुणी उचलावं तसं तिला हलकं वाटलं आणि ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. "बाई, मी तर त्या दिवसापासून केळंसुद्धा धड चवीने खाल्लं नाही," ती म्हणाली, तेव्हा बाईंना हसून ठसका लागला.

शाळेची पेटी आणली गेली. आठांतल्या पाच जणी हजर होत्या. बाईंनी चष्मा लावून, पट्टी दोनदा तपासून सूर दिला. रुखसारचा आवाज पहिल्या ओळीला गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला, दुसऱ्या ओळीला थोडा सुटला, आणि अंतऱ्याला तर तिला स्वतःचा आवाज वेगळा ऐकूच येईना.

गाणं संपलं तेव्हा रूही दारात उभी होती, स्कूटीची किल्ली हातात धरून, डोळे विस्फारून.

"अम्मी, तुम गाती भी हो?"

कधीकाळी गात होते, असं सांगायला रुखसारने तोंड उघडलं. पण म्हणाली, "हाँ. गाती हूँ."