आत्या कुठल्या घरच्या?

आमच्या कस्तुराक्काच्या हातून खराब माल सुटत नाही. चाकणच्या एका कंपनीत ती शेवटच्या तपासणीला असते. सुपरवायझर कितीही नाचला तरी खराब पार्ट बाजूला म्हणजे बाजूला. मी सोपान, तिचा धाकटा भाऊ, निघोज्याचा. तिने पकडलेला सगळ्यात मोठा खराब पार्ट मीच.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला कॅन्सर?"

मी ठासून सांगितलं, "न्हाई. आमची आई अठ्ठ्याहत्तरची हाय, अजून शेतात जाती."

"गिरजाआत्या? इंदूआत्या?" आक्का म्हणाली. दोघी वडिलांच्या बहिणी, दोघी पन्नाशीच्या आत गाठीनेच गेलेल्या.

"त्या दिल्या घरी गेल्या की. आपल्या घरात कशा धरायच्या?"

"मग मी रं कुठल्या घरची?"

लेक परक्याचं धन, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आक्काच्या तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही.

रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-वन नावाच्या जनुकात दोष सापडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक स्तनांचे कॅन्सर वारशाने येत नाहीत. हा आलाय, आणि आत्यांकडे पाहता वडिलांकडून. बाप ठणठणीत असला तरी दोष मुलामुलींत उतरू शकतो, प्रत्येकात शक्यता निम्मी. भावानेही तपासून घ्यावं."

मी टाळलं. माझ्या दिपालीला स्थळं येत होती. गावात एकाच्या कानावर गेलं की संपलंच.

भाऊबीजेला आक्का सासरहून, सांगवीहून आली. केमोने केस गेलेले, डोक्याला रुमाल. तिने मला ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली, तर तिने ती उचलून माझ्या मांडीवर टाकली.

"साडी नगं. रक्त तपासून ये. दिपीसाठी."

मी भडकलो. "पोरीचं लग्न मोडाय आलीस व्हय?"

"लग्नाला पोरगी जिती तर पायजे," ती म्हणाली आणि ताट धरून तशीच उभी राहिली. किती वेळ झाला तरी खाली ठेवीना. मला माझीच लाज वाटली. दिवाळी सरताच रक्त देऊन आलो.

महिन्याने रिपोर्ट आला. तोच दोष. दिपालीला समोर बसवून मी सगळं सांगितलं. ती आधी रडली. मग म्हणाली, "माझीपण तपासणी करू. निघालं तर वेळेवर लक्ष ठेवता येईल. आणि कुणी विचारलं तर लपवू नका, पप्पा."

रविवारी मोशीचे पाहुणे तिला बघायला आले. पोहे झाले, चहा आला, आणि मुलाच्या चुलत्याने सहज विचारलं, "घरात कुणाला काही आजार वगैरे?"

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"हाय," मी म्हणालो. "माझ्या दोन आत्या कॅन्सरनं गेल्या. ही माझी बहीण, हिला झालाय. तिघीबी आमच्याच घरच्या. दोष माझ्या रक्तातबी हाय. पोरीची तपासणी गुरुवारी हाय."

चुलत्याचा कप हातातच राहिला. आक्का बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.