सगळे उभे असताना

मी तेव्हा तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क होतो. न्यायाधीशांच्या समोर, थोडं खाली माझं टेबल. कंपवाताचं निदान होऊन काही वर्षं झाली होती. हाताची थरथर फायलींच्या आड लपवायला मी शिकलो होतो. उठताना येणारी चक्कर मात्र मी उन्हावर ढकलत होतो.

एका सकाळी साहेब आत आले आणि सगळ्यांबरोबर मीही उभा राहिलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा जमिनीवर होतो, फायली अंगाखाली आणि पॅन्ट ओली. मागच्या बाकावरचा एक पक्षकार शेजाऱ्याला सांगत होता, "सकाळीच घिऊन आल्यात जनू. हात बी कापत्यात बघा."

दारूला न शिवण्याचं शील वडिलांनी विहारात घेतलं होतं. ते मीही जन्मभर पाळलं. पण ओल्या पॅन्टीनिशी कुणाला काय सांगणार? शिपायाने मला मागच्या दाराने बाहेर नेलं. मी मान वर केली नाही.

घरी बायकोला एवढंच म्हणालो, "पाय घसरला." धुण्यात पॅन्ट पाहून तिला सगळं कळलं. दुसऱ्याच दिवशी तिने मला नगरला नेलं. डॉक्टरांनी आडवं झोपवून ब्लडप्रेशर मोजलं, मग उभं करून. उभा राहताच ते एकदम उतरलं.

"उठलं की रक्त पायांकडे जातं," ते म्हणाले. "मग शरीर शिरा आवळतं, हृदयाला जोर लावायला सांगतं. तुमच्यात तो निरोप नीट पोचत नाही. हाही कंपवाताचाच भाग आहे."

पाणी आणि मीठ वाढवा, उशाकडचे पलंगाचे पाय विटांवर ठेवा, सावकाश उठा, असं त्यांनी सांगितलं.

बायको म्हणाली, "आता हे कोर्टात सांगा."

मी फक्त साहेबांना सांगितलं. "तुम्ही बसूनच राहत जा," ते म्हणाले. त्यांच्या परीने तो मोठेपणाच होता. दुसऱ्या दिवसापासून सगळे उभे राहत आणि मी एकटा बसलेला. एकदा पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने हळूच मला हटकलं, "अवो, सायेब आल्यात. उठा की."

आजारी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी फाईल उघडली आणि वाचत असल्याचं दाखवलं. निवृत्त होईपर्यंत तिथे पुन्हा कधी पडलो नाही, पण साहेब येताना कुणाकडे बघितलंही नाही.