खुंट्या कुणी हलवल्या?

सरळ सांगतो, त्या समितीवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता.

शिरूर अनंतपाळच्या बाजूला आमचं गाव. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्याच सुमारास दुष्काळ पडला होता. जिल्हा नवा, म्हणून जीपगाड्यांना हुरूप आला होता. तशी एक जीप गावात आली. साहेबांनी शाळेच्या पडवीत सांगितलं, तुमच्या ओढ्याचं पाणी मांजरेला जातं, मांजरेचं गोदावरीला आणि गोदावरीचं समुद्राला. ते अडवा. सगळ्या मंडळांनी मिळून ओढा सांभाळा. मागच्या रांगेतून माझी आत्या मोठ्यानं म्हणाली, "समुद्राला काय कमी हाय व्हय, आमचं बी नेतो?" लोक हसले. साहेबही हसले. मी हसलो नाही. आत्या मागच्या रांगेत का बसली, ते मी बघत होतो.

समिती झाली. भजनी मंडळ, महिला मंडळ, शाळेचे गुरुजी आणि आमच्या बौद्ध वस्तीचं तरुण मंडळ. तरुण मंडळाचा सचिव मी. लातूरला मित्राच्या खोलीवर सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं आणि पत्रकं लिहायची मला अशी सवय लागली होती की चहात साखर कमी पडली तरी डोक्यात मथळा तयार व्हायचा.

वस्तीची विहीर ओढ्याकाठी होती. ती आटली होती. आमच्या बायका अर्धा कोस चालून एका मळ्यावरून पाणी आणत, तेही मळेवाल्याची मर्जी असली तर. ओढ्यावर बांध कुठे पडतो यावर आमच्या विहिरीला पाणी फुटणार की नाही, हे ठरणार होतं. बाकी सगळी भाषणं. जागा ठरली ती वस्तीच्या अगदी समोर. लिंबाच्या खुंट्या ठोकल्या, चुन्याची रेघ मारली, घरटी एक माणूस टिकाव-फावडं घेऊन आला.

मी काम करता करता बघत होतो. खणतं कोण आणि काठावर उभं राहून बोट दाखवतं कोण. पिण्याच्या पाण्याच्या घागरी दोन होत्या. मी विचारलं, दोन कशाला?

"एक पुरत न्हाई म्हनून," भजनी मंडळातला एकजण म्हणाला.

मी दोन्हीतलं पाणी मुद्दाम पिऊन बघितलं. कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंही मी वहीत लिहून ठेवलं.

मग मी मोर्चासाठी चार दिवस लातूरला गेलो. परत येतो तर वस्तीसमोरची रेघ पुसलेली आणि खुंट्या दोनशे पावलं वर गेलेल्या. वर म्हणजे कुठे? गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याच्या रानाला लागून. त्याच्या विहिरीच्या अगदी वर. वस्तीतली म्हातारी माणसं त्याला 'मालक' म्हणत. मी 'काका' म्हणायचो, आणि ते 'काका' त्याला टोचतं हे मला आवडायचं.

"काका, खुंट्या कुणी हलवल्या?"

"हलवल्या कुनीतरी. जागा बदलली."

"कुणाला विचारून?"

"ज्याला इचारायचं त्याला इचारून," म्हणाला आणि हसला.

मला तेवढं हसू पुरलं. वस्तीत न जाता मी आल्या पावली लातूर गाठलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रक तयार होतं. मथळा: 'खुंट्या कुणी हलवल्या?' खाली: 'घाम आमचा, विहीर त्यांची! एकोप्याच्या नावाखाली वस्तीचं पाणी पळवणारे हात ओळखा!' शाळेच्या भिंतीवर चिकटवलं आणि वस्तीत कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून मोठ्यानं वाचलं.

पत्रक लागू पडलं. दुसऱ्या दिवशीच्या श्रमदानाला वस्तीतून एकही माणूस गेला नाही. तिकडून भजनी मंडळ चिडलं, आम्हाला चोर म्हणता तर खणा तुमचं तुम्ही. ओढ्यात फावड्याचा आवाज बंद झाला. पाऊस यायच्या आत बांध झाला नाही तर विहीर आणखी एक वर्ष कोरडी राहणार होती, आणि मला मात्र जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्याच दुपारी आत्या मळ्यावरून आली. डोक्यावर भरली घागर होती. ती तशीच ठेवून दारात उभी राहिली.

"काय लिवलंस रे? वाच."

मी वाचलं.

"म्हंजी खुंट्या हलवनारा चोर?"

"चोरच."

"मग घाल मला बेड्या. मी हलवल्या."

मी म्हणालो, "मला सांगायचं नाही का?"

"तू इचारलंस कवा? वस्तीला खड्डा दाखवूनच सांगनार व्हते, तर तू बोलूनच राहिलास. चल, टिकाव घे."

घागर तशीच डोक्यावर ठेवून ती मला ओढ्यात घेऊन गेली. आम्हाला बघून तो शेतकरीही काठावर येऊन उभा राहिला. जुन्या जागेवरच्या अर्धवट चरात तिनं मला आणखी खोल खणायला लावलं. गुडघाभर खणलं तर खाली कातळ लागला, आणि कातळाला भेग. आत्यानं अर्धी घागर त्यात ओतली. अर्धा कोस वाहून आणलेलं पाणी! मी "अगं अगं" म्हणेपर्यंत ते घशात उतरल्यासारखं गटगट आत गेलं आणि खड्डा कोरडा झाला.

मग वर, नव्या खुंट्यांजवळ. तिथे चिकण माती लागली, पिवळी. उरलेली अर्धी घागर तिथे ओतली. पाणी थांबलं. आमची तोंडं दिसायला लागली त्यात.

"हितं उकरलेला झिरा भरला की चार दिसांनी आपल्या हिरीला पाझर फुटतो," आत्या म्हणाली. "कडच्या मुरमातून शीर जाती हिरीकडं. वस्तीला हीर नव्हती तवा गावच्या आडावर आपल्याला चढू देत नव्हते. मग हाच ओढा उकरायचा, अन् झिऱ्यातलं पानी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. ह्याचं पोट कुठं भरीव, कुठं फुटकं, मला न्हाई ठावं तर कुनाला?"

एवढं सगळं तिला शिकायला कुणी लावलं, या रागानं मी काठाकडे बघितलं. काठावरचा माणूस म्हणाला, "अन् माझ्या रानाची काठची पाच तासं बुडनार हायत पान्यात, ते न्हाई लिवलं पत्रकात?"

"आणि तुमची विहीर भरणार, ते लिहू का?"

"हाव, भरंल. मी काय साधू हाय? तुझी आत्या चार दिस दारात बसून राहिली, तवा हाव म्हनालो."

या माणसावर मी त्या दिवसापुरता विश्वास ठेवला, त्याहून जास्त नाही. म्हणालो, बांधातल्या पाण्यावर इंजिन बसवायचं नाही, लिहून द्या. तो म्हणाला, कागद कुठाय? कागद माझ्या खिशात होता. त्याच पत्रकाच्या पाठीवर त्यानं सही केली, आत्यानं अंगठा उठवला. उलटून बघितलं तर समोर अजून 'पाणी पळवणारे हात' होतेच.

मग मी घरोघर फिरलो. मोर्चात लाठी खाणं सोपं, हे अवघड. वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, "बाबा, कालचं खरं का आजचं? तेवढं सांग, म्हंजी फावडं काढतो." भजनी मंडळाच्या लोकांनी मला अर्धा तास उभं ठेवलं. "काय पुढारी, आज काय हललं?" मी माफी मागितली. ती त्यांनी दोनदा मागायला लावली, दुसऱ्यांदा ऐकू आलं नाही म्हणून. ऐकू आलं होतं.

बांध वेळेत झाला. त्या वर्षी पाऊस बेताचाच पडला, पण आमच्या विहिरीला पाणी आलं. शेतकऱ्याची आमच्याआधी भरली, हेही मी वहीत लिहिलं.

त्यानंतर आत्या रोज सकाळी ओढ्यात जाऊ लागली. मागे गेलो तर बांधाच्या खाली, आमच्या बाजूला बसून हातानं झिरा उकरत होती. घरी विहिरीला भरपूर पाणी असताना.

"आत्या, काकांच्या सहीवर विश्वास नाही काय आता?"

"हाय की," ती म्हणाली. झिऱ्यात मनगटापर्यंत हात घालून पाण्याची खोली बघितली, कालच्यापेक्षा कमी नाही याची खात्री केली आणि हात पदराला पुसला. "पर बघाय काय जातंय?"