जावयाचं इंग्रजी गाणं

साल दोन हजार तेवीस. मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीत सोडली आणि पुढचा सगळा जन्म उद्यमनगरात फाउंड्रीत साचे भरण्यात गेला. वाचायचं म्हटलं तर आजही अक्षराला अक्षर जुळवत बसतो. पण पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, कुठलीही गोष्ट विचारा, मला येणारच, असा ताठा होता. कारण त्या गोष्टी मी वाचून नाही, गाऊन शिकलो. चर्चच्या भजनी मंडळाचा मी म्होरक्या. झांज माझ्या हातात, पहिली ओळ माझ्या तोंडात. मी उचललं की मागची पाच-सहा जणं विचारसुद्धा न करता पुढची ओळ धरणार. मीच त्यांना तसं तयार केलं होतं.

गुड फ्रायडेच्या आधीचे उपवासाचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्यात संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना असते. बाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी. चर्चचे पाद्री, म्हणजे आमचे पाळकसाहेब, त्यांच्या संदेशाआधी त्या घरातल्या प्रत्येकानं काहीतरी सांगायचं अशी रीत आहे. शास्त्रातलं वचन म्हणा, गीत म्हणा, मनाला जे लागलं असेल ते. त्या बुधवारी पाळी आमच्या घराची होती, आणि त्याच दिवशी जावई येणार होते.

पोरीनं तीन वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न केलं. पोरगा पेठ वडगावचा, हिंदू, घरची शेती आणि चार म्हशी. लग्नाला मी गेलो नाही. नंतर पोरगी येऊन-जाऊन असायची, पण जावयाला मी घरात घेतलं नव्हतं. तो तिला गाडीवरून कोपऱ्यापर्यंत सोडायचा आणि तसाच माघारी जायचा. त्या आठवड्यात पोरगी माझ्यासमोर येऊन बसली.

"पप्पा, बुधवारी ह्यांना प्रार्थनेला घेऊन येणार हाय मी. त्यांचा अपमान केलासा तर ह्या उंबऱ्यावर मी बी परत पाय ठेवणार न्हाई."

"मला अट घालतीस व्हय?"

"घालते की. पोरगी कुणाची हाय?"

आत भाकरी थापणारी माझी बायको हसली. मी म्हटलं, या.

बुधवारी जावई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पोरीनं आमच्यातली रीत शिकवली असणार, दारातच म्हणाले, "सलाम, मामा." मी म्हटलं, "बसा पावणं." आमच्याकडं जावईही पावणं आणि एसटीत शेजारी बसलेला कोणीही पावणं. मी कुठल्या अर्थानं म्हटलं ते त्यांना कळलं. बायकोनं मात्र जावई पहिल्यांदा जेवणार म्हणून दुपारपासून पुरणपोळ्यांचा घाट घातला होता.

बायकोनं वचन म्हटलं. पोरीनं गीत गायलं. आता जावयाला काय विचारायचं, म्हणून पाळकसाहेब संदेशाकडं वळत होते, तेवढ्यात जावयानं घसा खाकरला.

"साहेब, मला वचन पाठ न्हाई. पण एक गाणं हाय. कॉलेजपासनं ऐकतोय. जुनं हाय, इंग्लिश, रॉकचं. हिनं मला तुमच्यातली त्या दोन भावांची गोष्ट सांगितली, तवापासनं ते गाणं मला येगळंच ऐकू यायला लागलंय. लावू का?"

"लावा की," पाळकसाहेब म्हणाले.

माझ्या मंडळातला ढोलकीवाला म्हणाला, "पावणं, म्हशींना बी हेच लावता का?"

"लावतो की. दूध काय कमी न्हाई झालं अजून."

सगळी हसली. माझीच माणसं, माझ्याच घरात, त्याच्याबरोबर हसली. खरं सांगायचं तर मला तेच पहिल्यांदा टोचलं. गाणं तर अजून सुरूही झालं नव्हतं.

मग ते सुरू झालं. कास्टिंगवर ग्राइंडर धरल्यासारखी गिटार, आणि घसा सोलून निघाल्यासारखा कुणा बाप्याचा आवाज. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. उपवासाचे दिवस, भिंतीवर क्रूस, आणि त्याखाली हा धिंगाणा. माझे कान तापले. पोरीला दिलेला शब्द मला आठवत होता, तरीही मी झांज उचलली. तोंडात आलं ते भजन उचललं. उधळ्या पुत्राचं, बापाचा पैसा उडवून शेवटी घरी परतलेल्या धाकट्या पोराचं. मागच्यांनी सवयीप्रमाणं पुढची ओळ धरली. ढोलकीवर थाप पडली. जावयाला आधी वाटलं, ही पण आमची रीतच असेल. ते हात जोडून बसले. मग त्यांनी पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि मोबाइल हळूच बंद केला.

पाळकसाहेब माझ्या निम्म्या वयाचे. त्यांनी उठून हात वर केला.

"काका, थांबा. पावण्यांचं झालं न्हवतं."

आजवर माझं भजन मधे कुणी तोडलेलं नव्हतं. मी झांज ठेवली आणि अनवाणीच बाहेर आलो. नळापाशी पेरूचं झाड आहे, तिथं उभा राहिलो. कुणी बोलवायला आल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही असं ठरवलं. नेमकं कुणी यायला पाहिजे होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

आत गाणं पुन्हा लागलं, पुरतं वाजलं. मग खिडकीतून जावयाचा आवाज आला. ते अर्थ सांगत होते.

"एक माणूस पावसात उभा हाय. समोरच्या घरात जेवणावळ चाललीया, दिवे हायत, वाजप हाय. त्याला कुणी हाकललेलं न्हाई. दाराला कडी बी न्हाई. पण त्यो म्हणतो, मी आत जाणार न्हाई, कारण आत एकजण असा बसलाय, ज्याची माझ्या पंगतीला बसायची लायकी न्हाई. मग घरधनी सोता बाहेर येतो आणि त्याच्यासंगं पावसात भिजत उभा ऱ्हातो. मला वाटलं, तुमचा देव असा असंल."

मग पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, आमेन झालं, ताटांचा आवाज आला. आणि मला बोलवायला बाहेर आले ते जावईच. हातात ताट होतं, पोळीवर तूप सोडलेलं.

"मामा, आत चला. तुमच्याशिवाय कोण जेवाय बसंना."

मी म्हटलं, "मला माझ्याच घरात या म्हणणारं तुम्ही कोण?"

त्यांनी हातातल्या ताटाकडं बघितलं. मग म्हणाले, "खरं हाय." ताट त्यांनी नळाच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पोरीला हाक मारली. दोघंही न जेवता निघाली. आमच्याकडं वैऱ्यालाही उपाशी जाऊ देत नाहीत, आणि माझ्या दारातून माझा जावई पहिल्याच वेळी उपाशी गेला. पोरगी चपला घालून सरळ गाडीवर जाऊन बसली. तिला जे सांगायचं होतं ते तिनं आधीच सांगितलं होतं.

माणसं गेल्यावर बायको पोळ्या डब्यात भरत बसली होती. मी म्हटलं, "ती उधळ्या पुत्राची गोष्ट वाच जरा."

"तुम्हाला पाठ हाय की. आताच तर बोंबलून झाली."

"बापानं पोराला मिठी मारली तिथवर पाठ हाय. त्याच्या म्होरं वाच."

आमचं भजन त्या मिठीवर संपतं. पुढची गोष्ट मी चर्चमध्ये ऐकली नसेल असं नाही, कैकदा ऐकली असेल. पण जे माझ्या जिभेवर बसत नाही, ते माझ्या डोक्यात राहत नाही. बायकोनं हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. थोरला भाऊ शेतातून येतो. घरातून त्याला धाकट्यासाठी चाललेलं गाणं-वाजवणं ऐकू येतं. तो चिडतो आणि बाहेरच उभा राहतो. बाप त्याची समजूत काढायला बाहेर येतो. तिथं बायको थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"अजून वाचू, का कळलं?"

"त्यो आत गेला का शेवटी?"

तिनं पुढचं वाचून बघितलं. "ते लिवल्यालं न्हाई."

माणसांसमोर माझी शोभा झाली, त्याची मला लाज वाटली नाही. शोभा मी आयुष्यात पुष्कळ पचवली आहे. लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या पोरानं आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं जे होतं ते, भीत भीत, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या घरात आणलं होतं. आणि मी ते देवाचं नाव घेऊन दाबून टाकलं. जी गोष्ट मी गावभर गात हिंडलो, तिच्यात मी कोण आहे हे मला म्हशी पाळणाऱ्या, परधर्माच्या पोरानं एका इंग्रजी गाण्यातून सांगितलं, आणि तेसुद्धा मी बाहेर उभा असताना. ते गाणं मला अजून आवडत नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या संध्याकाळी देव माझ्या भजनात नव्हता, त्या गाण्यात होता. हे कबूल करताना आजही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं पेठ वडगावला गेलो. जावयाचं घर मी कधी बघितलं नव्हतं, विचारत विचारत गेलो. अंगणात त्यांची आई झाडत होती.

"या पावणं. कोण म्हणायचं?"

"तुमच्या सुनंचा बाप."

त्या माउलीनं झाडू टाकला आणि पाणी आणायला आत गेली. पोरगी दारात येऊन उभी राहिली, पुढं आली नाही. गोठ्यातून जावई आले, हातात दुधाची बादली. एसटीत मी बरंच जुळवलं होतं. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"पावणं, काल माझं चुकलं," मी म्हटलं. "ते गाण्यातलं सांगा मला. शेवटी त्यो माणूस आत जातो का न्हाई? शास्त्रात ते न्हाई."

त्यांनी बादली खाली ठेवली. "गाण्यात बी न्हाई, मामा." मग बादली पुन्हा उचलत म्हणाले, "डेअरीत दूध घालून येतो. तवर आत बसा."

मी पोरीकडं बघितलं. ती हसली नाही. पण दारातून बाजूला झाली. मी चपला काढल्या आणि आत गेलो.